गुणगौरव की गुणांचा गौरव?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आपल्या मंडळाच्या सभागृहात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. श्रीफळ, पुष्पगुच्छ, प्रशस्तिपत्र आणि रोख रकमेचे पाकीट असा त्याचा सरंजाम ठरलेला आहे. यंदाच्या सोहळ्यात एका मुलीला ९४ टक्के गुणांबद्दल पहिले पारितोषिक मिळाले. सूत्रसंचालकांनी कौतुकाने तिला विचारले, "उरलेल्या सुटीत काय वाचणार?" मुलीने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "परीक्षा संपली ना काका, आता कशाला वाचायचं? पुस्तकं तर कधीच रद्दीत गेली." सभागृहात हशा पिकला, टाळ्याही पडल्या. पहिल्या रांगेत बसलेला मीही हसलो. घरी परतताना मात्र ते हसू घशात अडकल्यासारखे झाले.

त्या मुलीचा यात काडीइतकाही दोष नाही. आपण तिला दहा वर्षे जे शिकवले, तेच तिने प्रामाणिकपणे आपल्यासमोर ठेवले. अभ्यास ही गुणांसाठी करावयाची हमाली आहे आणि गुण हे तिचे वेतन आहे, हे आपण तिला सांगत आलो. वेतन हाती पडल्यावर ओझे खाली टाकणे यात चूक ती काय? उलट ओझे वाहून नेले म्हणून आपण तिला हार घातला आणि ओझे टाकून दिले म्हणून टाळ्या वाजवल्या.

हा विषय आज काढण्याचे कारण असे, की मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव येत आहे. पारितोषिकांच्या रकमा दुप्पट कराव्यात, ९५ टक्क्यांवरील विद्यार्थ्यांसाठी निराळे पदक ठेवावे आणि हा सत्कार पाचवीपासूनच्या मुलांना लागू करावा, म्हणजे लहानपणापासून "प्रेरणा" मिळेल, असा त्याचा आशय आहे. ठराव मांडणारे माझे स्नेही आहेत आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. ठराव मात्र घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते आडपडद्याने न सांगता या पानांतून मांडावे असे मी ठरवले आहे.

प्रेरणा दोन परींची असते. एक बाहेरून येते: बक्षीस, धाक, शेजारच्या मुलाशी तुलना, चारचौघांतील मानापमान. दुसरी आतून उमलते: कुतूहल, विषयाची गोडी, आपल्याला हे जमू लागले याचा आनंद, आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत याचे समाधान. बाहेरची प्रेरणा सर्वस्वी त्याज्य आणि आतली तेवढी पवित्र, अशी सोवळी भूमिका मी घेत नाही. माझे म्हणणे एवढेच, की दोहोंची कामे वेगळी आहेत. पहिली मुलाला विद्येच्या दारापर्यंत आणून सोडते. उंबरठा ओलांडून आत नेण्याचे बळ दुसरीतच असते. पहिलीचा डोस वाढवीत गेले, की दुसरी आपोआप जागी होते, हा आपला भ्रम आहे. पुष्कळदा ती मरते.

माझ्या घरातलेच उदाहरण देतो. मी सहा-सात वर्षांचा असताना आजोबा प्रत्येक पाठ केलेल्या पाढ्याला पाच पैसे देत. तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, दिडकी असे मी भराभर म्हणून दाखवले आणि पैसे घेतले. औटकीपर्यंत आलो तेव्हा आजोबा गेले. वडिलांना या व्यवहारात रस नव्हता. औटकी तिथेच राहिली ती आजतागायत. याच घरात आजीला मोतीबिंदू झाला होता. चातुर्मासात पांडवप्रतापाचा एकेक अध्याय संध्याकाळी तिला वाचून दाखवणे हे काम माझ्याकडे आले. त्याला एक पैसाही मिळत नव्हता. उलट ओवी चुकली, की "पुन्हा वाच" असे ऐकावे लागे. परंतु मी वाचले नाही तर आजीची पोथी बंद पडेल, हे मला पक्के ठाऊक होते. वाड्यातल्या दोन-चार म्हाताऱ्या येऊन बसत, भीमाच्या पराक्रमाला माना डोलावीत. आज साठी उलटल्यावरही मी रोज रात्री पुस्तक हाती घेतल्याशिवाय निजत नाही, त्याचे मूळ त्या संध्याकाळींत आहे. पाच पैशांनी मला पाढे दिले. गणिताची आवड दिली नाही. आजीच्या गरजेने मला वाचक केले.

एका घरच्या अनुभवावरून सिद्धांत मांडू नये, हे मान्य. पण मानसशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट प्रयोगांनी तपासून पाहिली आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन अमेरिकी संशोधकांनी बालवाडीतील, आपण होऊन आवडीने चित्रे काढणारी मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेस तर सोनेरी शिक्का आणि फीत असलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता चित्र काढून झाल्यावर अवचित तेच प्रशस्तिपत्र दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी रंगीत पेने पुन्हा वर्गात ठेवली, तेव्हा ज्यांना बक्षीस कबूल केले होते ती मुले इतरांच्या मानाने जवळपास निम्माच वेळ चित्रे काढत बसली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती. याआधी, १९७१ साली, एडवर्ड डेसी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली आणि काहींना प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला. पैसे बंद झाल्यावर त्यांचा रिकाम्या वेळात कोड्यांशी खेळण्याचा उत्साह ओसरला. ज्यांना पैसे मिळालेच नव्हते त्यांच्या बाबतीत तसे घडले नाही.

यातला बारकावा ध्यानात घ्यावा. घात केला तो बक्षिसाने नव्हे. "हे केलेस तर ते देईन" या सौद्याने केला. जे मूल आनंदासाठी चित्र काढत होते, ते सौदा ठरताच प्रशस्तिपत्रासाठी काढू लागले. आनंदाची जागा मोबदल्याने घेतली आणि मोबदला गेल्यावर जागा रिकामी राहिली. पाचवीच्या मुलाला ९० टक्क्यांवर पाकीट कबूल करणारा आपला ठराव नेमका हाच सौदा करू पाहतो.

आता आपल्या बडोद्याचेच उदाहरण पाहू. बाहेरच्या सक्तीचा आणि आतल्या गोडीचा मेळ कसा घालावा, याचा धडा आपल्या गावाने साऱ्या हिंदुस्थानाला घालून दिला होता, आणि त्याचा विसर सर्वांत आधी आपल्यालाच पडला.

नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा एक शेतकरी कुटुंबातला मुलगा १८७५ साली दत्तक होऊन बडोद्याच्या गादीवर आला, तेव्हा बारा वर्षांच्या त्या मुलाला धड लिहिता-वाचता येत नव्हते. आपले शिक्षण उशिरा सुरू झाले, याची जाणीव सयाजीराव महाराजांना पुढे जन्मभर राहिली असावी. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध राज्याला लागू केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. म्हणजे धाक होता, आणि तो कागदावरचा नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली ब्रिटिश हिंदुस्थानासाठी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यापुढे बडोद्याचा आदर्श होता. विधेयक नामंजूर झाले, ही गोष्ट वेगळी.

इथवरची कथा आपण दर जयंतीला सांगतो. पुढची सांगत नाही. सक्तीने मूल शाळेत येते, चार इयत्ता शिकते, आणि वाचायला काही न मिळाल्याने काही वर्षांत पुन्हा निरक्षर होते, हे महाराजांच्या लक्षात आले होते. दंडाची रक्कम वाढवून हा प्रश्न सुटणारा नव्हता. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणवले, मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले आणि ज्या खेड्यांत ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तकांनी भरलेल्या पेट्या फिरत्या ठेवल्या. गावात ग्रंथालय काढायचे, तर खर्चाचा एक तृतीयांश गावकऱ्यांनी उभा करावा, म्हणजे उरलेला भार प्रांत पंचायत आणि सरकार उचलील, अशी योजना होती. फुकट दिले नाही आणि लादलेही नाही. गावाला ते आपले वाटेल अशी तजवीज केली. मांडवीतल्या आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयापुढून जाताना ही गोष्ट आठवावी. दंडाने मूल शाळेत आले. वाचक घडवले ते पुस्तकांच्या पेटीने. तिथे कुणी परीक्षा घेत नव्हते आणि पदकही देत नव्हते.

आता माझ्या पूर्वायुष्याकडे वळतो. कारण बाहेरच्या प्रेरणेवर चालणारे सर्वांत मोठे यंत्र म्हणजे सरकारी कचेरी, आणि मी त्या यंत्रात तीन दशके काढली. गोपनीय अहवाल, वेतनवाढ, बदलीची भीती आणि दर मार्चअखेर पुरा करावयाचा लक्ष्यांक, या चार खांबांवर ते उभे असते. बढतीसाठी खात्याच्या परीक्षा द्याव्या लागत. आम्ही रात्र-रात्र नियम घोकत असू. उत्तीर्ण झाल्याचा आदेश हाती पडल्यावर त्यांतले किती नियम सहा महिने टिकत, हे आम्हा सहकाऱ्यांनाच ठाऊक. टिकले ते नियम, जे एखाद्या अडलेल्या शेतकऱ्याचे काम करून देताना खरोखर उपयोगी पडले.

नव्वदच्या दशकात साक्षरता मोहीम जोरात होती. एका तालुक्यात नवसाक्षरांची यादी तपासण्याचे काम माझ्याकडे आले. लक्ष्यांक शंभर टक्के पुरा झालेला होता. पाटी-पेन्सिल मिळाल्याची पोच म्हणून यादीत प्रत्येक नावापुढे खूण होती, आणि त्यांतल्या कितीतरी खुणा अंगठ्याच्या ठशांच्या होत्या! साक्षर झाल्याच्या यादीवर अंगठा. कुणी लबाड होते असे नव्हे. वरून आकडा मागितला गेला होता, म्हणून खालून आकडा पाठवला गेला. जिथे आकड्याला बक्षीस असते तिथे आकडा वाढतो. ज्याच्यासाठी तो मोजायचा, ती वस्तू वाढतेच असे नाही. आपली दहावीची गुणपत्रिका आणि ती यादी यांत मला अलीकडे फार साम्य दिसू लागले आहे.

ठरावाच्या बाजूने तीन आक्षेप हमखास येतील. त्यांना टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप: "धाकाशिवाय मुले अभ्यास करीत नाहीत. नापास करणे बंद केले आणि शिक्षणाचा बट्ट्याबोळ झाला." २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवण्यास आणि शारीरिक शिक्षेस मनाई केली, हे खरे. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीत मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, हेही खरे. पण याच कायद्याने नापास करण्याऐवजी वर्षभर मुलाचे सतत मूल्यमापन करावे आणि मागे पडणाऱ्याकडे लक्ष द्यावे, असे सांगितले होते. आपण त्यातले अर्धे उचलले. धाक काढला आणि त्याच्या जागी काही ठेवले नाही. छत काढून नवे छत न घालणाऱ्याने पाऊस वाईट असे म्हणण्यासारखे हे झाले. धाकाचा एक गुण मी मान्य करतो: तो तात्काळ काम करतो. त्याचा दोष असा, की तो समोर उभा असेपर्यंतच काम करतो. वसतिगृहात पहाटे पाचला घंटेवर उठणारी मुले सुटीत घरी दहापर्यंत झोपतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: "गरीब घरच्या मुलांना पैशाची गरज असते. पारितोषिक बंद करून त्यांच्या पोटावर पाय का आणता?" इथे दोन गोष्टींची गल्लत होते. शिष्यवृत्ती निराळी आणि पारितोषिक निराळे. शिष्यवृत्ती वाटेतला धोंडा दूर करते. पारितोषिक वाटेच्या शेवटी गाजर टांगते. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. त्या पौंडांनी बाबासाहेबांत ज्ञानाची तहान निर्माण केली, असे कोण म्हणेल? तहान त्यांची स्वतःची होती; महाराजांनी विहिरीपर्यंतचा रस्ता मोकळा केला. शाळेतले मध्यान्ह भोजन, मुलींना सायकली, गुजरात सरकारने २००३ पासून चालवलेला शाळाप्रवेशोत्सव, ही सारी धोंडा दूर करण्याची कामे आहेत, आणि ती हवीतच. प्रवेशोत्सवासाठी मी स्वतः जूनमध्ये गावोगाव फिरलो आहे, मुलांच्या कपाळी कुंकू लावून त्यांना वर्गात नेले आहे. तेव्हा माझा विरोध पैशाला नाही. गरजू मुलाला फी, पुस्तके, प्रवासखर्च हवा असेल तर मंडळाने आजच्या दुप्पट द्यावा. पण तो निकालाआधी द्यावा, गरज पाहून द्यावा आणि व्यासपीठावर न बोलावता द्यावा. आजच्या आपल्या पाकिटांपैकी बहुतेक अशा घरांत जातात जिथे त्या रकमेत शिकवणीची एका महिन्याची फीसुद्धा भागत नाही. ती गरज भागवीत नाहीत, प्रतिष्ठा वाटतात.

तिसरा आक्षेप व्यवहारी गृहस्थांचा: "आवडीवर पोट भरत नाही. पुढे अभियांत्रिकी-वैद्यकीयच्या प्रवेशपरीक्षा आहेत. तिथे आवड विचारत नाहीत, गुणानुक्रम विचारतात." स्पर्धा खरी आहे. परंतु स्पर्धेत टिकण्यासाठी तरी निव्वळ बाहेरची प्रेरणा पुरते का? अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांनी अनेक शहरांतील शाळांत विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पैसे देऊन पाहिले आणि त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कमध्ये चाचणीतील गुणांसाठी पैसे दिले. गुण वाढले नाहीत. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना प्रत्येक वाचलेल्या पुस्तकामागे दोन डॉलर दिले. तिथे वाचनाचे आकलन सुधारले. हा प्रयोग मी मुद्दाम सांगतो, कारण तो माझ्या म्हणण्याला पूर्णपणे अनुकूल नाही. पैशाने काहीच होत नाही, असे तो म्हणत नाही. पण तो एक मार्मिक गोष्ट दाखवतो. पुस्तक वाचणे मुलाच्या हातात असते, म्हणून ते वाचते. "गुण वाढव" असे म्हटल्यावर ते कसे वाढवायचे, हेच मुलाला ठाऊक नसते. तेव्हा बाहेरचे प्रोत्साहन द्यायचेच असेल, तर ते कृतीला द्यावे, फळाला नव्हे. आपला ठराव नेमके उलटे करतो.

आणि या गुणानुक्रमाच्या टोकाला काय उभे आहे, हेही पाहिले पाहिजे. आपल्या कुटुंबांतली मुले कोट्याला जातात. तिथून येणाऱ्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. प्रत्येकीचे कारण अभ्यास होते असे नाही, आणि या दुःखाचे सोपे स्पष्टीकरण देण्याचा अधिकार मला नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारला सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांत प्रवेश देऊ नये, असे मार्गदर्शक नियम काढावे लागले, एवढे मात्र पुरेसे बोलके आहे. ज्या मुलाला आपली किंमत म्हणजे आपले गुण असे वर्षानुवर्षे सांगितले गेले, त्याचे गुण घसरल्यावर त्याच्याजवळ आपले म्हणण्यासारखे काय उरते? पाचवीच्या मुलाला व्यासपीठावर नेताना हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. आणि व्यासपीठावर न गेलेल्या, खाली आईवडिलांशेजारी मान खाली घालून बसलेल्या ६५ टक्क्यांच्या मुलाकडेही एकदा पाहिले पाहिजे. त्या सोहळ्यातून त्याला कोणती प्रेरणा मिळते?

मग आतली प्रेरणा वाढवायची कशी? ती विकत मिळत नाही, पण तिची मशागत करता येते. डेसी आणि त्यांचे सहकारी रायन यांनी पुढे अनेक वर्षांच्या अभ्यासातून मनाच्या तीन भुका सांगितल्या. पहिली, आपल्या मनाने काही ठरवता येण्याची. दुसरी, आपल्याला जमते आहे ही प्रचीती येण्याची. तिसरी, आपण कुणाचे तरी आहोत या आपुलकीची. मराठी घराला यात नवे काही नाही. कोणता विषय आधी घ्यायचा, हे मुलाला ठरवू द्यावे. वेळापत्रक त्याचे त्यालाच आखू द्यावे, मग ते चुकले तरी चालेल. अवघड गणिताचे तुकडे पाडून द्यावेत, म्हणजे रोज एक पायरी चढल्याचे त्याला कळेल. आणि "किती गुण मिळाले?" याऐवजी "आज काय नवे कळले, मला समजावून सांग" असे विचारावे. आजोबांना समजावून सांगताना नातवाचा धडा दुसऱ्यांदा आणि खरा पाठ होतो. आजीच्या पोथीचे रहस्य तेच होते.

स्तुतीविषयीही सावध असावे. १९९८ साली म्यूलर आणि ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत "तू फार हुशार आहेस" अशी स्तुती झालेली मुले पुढे सोपीच कामे निवडू लागली आणि एका अपयशाने खचली. "तू मेहनत चांगली केलीस" असे ज्यांना सांगितले, ती अवघड कामाला भिडली. आपण मात्र व्यासपीठावरून "कुशाग्र बुद्धीचे रत्न" असे म्हणून मुलाला त्याच्याच हुशारीच्या पिंजऱ्यात बसवतो.

शेवटी एक मुद्दा, जो आपल्या समाजाच्या अगदी जिव्हारी लागणारा आहे. इथे चार-पाच पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतील मुलांनी मराठी का शिकावी? तिला गुण नाहीत, प्रवेशात तिचा उपयोग नाही, नोकरीत तिला वेतनवाढ नाही. गुजरातीचे पोटाला कारण आहे, इंग्रजीचे महत्त्वाकांक्षेला. मराठीच्या पाठीशी बाहेरची एकही प्रेरणा उरलेली नाही. ती टिकली तर केवळ आतून टिकेल: आजीशी बोलायला हवी म्हणून, घरातल्या जुन्या पत्रांतली मोडी नाही तरी बाळबोध अक्षरे वाचता यावीत म्हणून, एखादी गोष्ट मराठीतच गोड लागते म्हणून. ज्या मुलाला आपण लहानपणापासून "मिळणार काय?" हा एकच प्रश्न शिकवला, तो मुलगा मराठीपुढे उभा राहूनही हाच प्रश्न विचारणार, आणि त्याला द्यायला आपल्यापाशी उत्तर नसणार. मंडळाच्या ग्रंथालयात वीस वर्षांखालील सभासद आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि त्याच मंडळाच्या गुणगौरवाला सभागृह अपुरे पडते. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या आहेत, असे मला वाटत नाही.

म्हणून त्या ठरावाला मी पुढील उपसूचना मांडणार आहे. पाचवी ते नववीच्या मुलांचा टक्केवारीवरून कोणताही सत्कार करू नये. दहावी-बारावीच्या पारितोषिकांसाठी ठेवलेली रक्कम दोन भागांत विभागावी. एक भाग गरजू विद्यार्थ्यांच्या वार्षिक शिष्यवृत्तीसाठी ठेवावा. त्याचा निर्णय जूनआधी व्हावा आणि नावे जाहीर करू नयेत. दुसऱ्या भागातून मुलांनी स्वतः निवडलेली पुस्तके घ्यावीत आणि महाराजांच्या पेट्यांप्रमाणे ती वस्त्यावस्त्यांतील आपल्या घरांत महिनाभर फिरती ठेवावीत. वार्षिक सोहळा बंद करू नये. त्याचे रूप पालटावे. त्या दिवशी मुलांनी वर्षभरात आपण होऊन केलेले काही तरी घेऊन यावे: वाचलेले पुस्तक, केलेला प्रयोग, आजोबांकडून टिपून घेतलेली घराण्याची हकिकत, लहान भावाला शिकवलेले गणित. त्यात पहिला-दुसरा क्रमांक नसावा. वडीलधाऱ्यांनी ऐकावे, प्रश्न विचारावेत. लक्षपूर्वक ऐकणारा मोठा माणूस हे मुलाला मिळू शकणारे फार मोठे पारितोषिक आहे, आणि त्याला मंडळाच्या निधीतून एक रुपयाही लागत नाही.

उपसूचना फेटाळली जाण्याचा संभव आहे, याची मला कल्पना आहे. छायाचित्रे, हार, वर्तमानपत्रातली बातमी यांचा मोह पालकांना असतो आणि कार्यकारिणीलाही असतो. खरे सांगायचे तर तो मलाही आहे, कारण माझ्या मुलांचे सत्कार याच सभागृहात झाले तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. परंतु ९४ टक्के गुण मिळवलेल्या त्या मुलीचे उत्तर ज्यांनी त्या दिवशी ऐकले, त्या सर्वांना माझी विनंती आहे, की मतासाठी हात वर करण्यापूर्वी ते एकदा आठवावे. पुस्तके रद्दीत गेली हे तिने हसत सांगितले होते. आपणही हसलो होतो. पुढल्या वर्षी तोच प्रश्न दुसऱ्या मुलीला विचारला जाईल, तेव्हा आपल्याला कोणते उत्तर ऐकायचे आहे, याचा निर्णय त्या सभेत व्हायचा आहे.